तिची चूक आणि त्याचा दोष

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २००७चा एक निकाल आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरातली अठरा रोमा मुलं विरुद्ध चेक सरकार, असा तो खटला. रोमा म्हणजे ज्यांना लोक ‘जिप्सी’ म्हणतात तो, हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेला समाज. निकालपत्र लांबलचक आहे, कायद्याचा कीसही त्यात भरपूर आहे. पण सुरुवातीला, जिथे नुसतं काय घडलं ते सांगितलंय, तिथल्या चार-दोन ओळींपाशी मी दर वेळी अडकते.

१९९६ ते १९९९ या वर्षांत या मुलांना नेहमीच्या प्राथमिक शाळेऐवजी ‘विशेष शाळे’त घातलं गेलं. विशेष शाळा म्हणजे सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची शाळा; अभ्यासक्रम पातळ, पुढच्या वाटा जवळजवळ बंद. सरकारचं म्हणणं, आई-वडिलांनी संमती दिली होती. संमती म्हणजे काय, तर आधीच मजकूर भरून ठेवलेला छापील फॉर्म आणि खाली पालकाची सही. अठरापैकी दोन मुलांच्या फॉर्मवरची तारीख तर मुलाला विशेष शाळेत धाडण्याचा आदेश निघाल्यानंतरची होती. आधी निर्णय, मग संमती. दोन्ही फॉर्मांवर ती तारीख नंतर हाताने दुरुस्त केलेली, आणि त्यांतल्या एकावर शिक्षकाची टीप: टाइप करताना चूक झाली.

शिक्षकाची चूक एका टिपेत मिटली. सहा-सात वर्षांच्या पोराने परक्या माणसासमोर, परक्या खोलीत बसून केलेल्या चुका मात्र त्याच्या अख्ख्या शाळेवर, आणि शाळेनंतरच्या आयुष्यावर शिक्का मारून गेल्या. मला जे सांगायचंय ते सगळं या फरकाबद्दल आहे.

अठरा मुलांपुरतीच ही गोष्ट असती तर कुणी म्हणालं असतं, झाली असेल कुठेतरी हयगय. पण मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या युरोपियन रोमा राइट्स सेंटरने ओस्त्रावातल्या ८ विशेष आणि ६९ प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रश्नावली पाठवून आकडे गोळा केले. शहरातल्या प्राथमिक शाळांत ३३,३७२ मुलं, त्यांत रोमा २.२६ टक्के. विशेष शाळांतल्या मुलांत मात्र रोमा ५६ टक्के. बिगर-रोमा मुलांपैकी १.८ टक्के विशेष शाळेत, रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के. म्हणजे रोमा घरात जन्मलेलं मूल त्या शाळेत जाण्याची शक्यता इतरांच्या २७ पट. एका शहरात एका समाजाची निम्मी पोरं बुद्धीने अधू निघतात, आणि शिक्षक, मानसतज्ज्ञ, शिक्षण कचेरी यांतल्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

मी ब्रनोत राहते. प्राग ही देशाची राजधानी असली तरी चेक घटना न्यायालय ब्रनोत आहे, योश्तोवा रस्त्यावर. ट्राम त्याच्या समोरून जाते. स्ट्रासबर्गला जाण्याआधी ओस्त्रावाची मुलं इथे आली होती. २० ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांची तक्रार फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की आम्ही एकेका प्रकरणापुरतं बघतो, एकूण सामाजिक परिस्थितीची तपासणी करणं आमच्या कक्षेत येत नाही. एकेक मूल सुटं काढून बघितलं की प्रत्येकाच्या फायलीत काही ना काही कारण सापडतंच. याची भाषा कच्ची, त्याचं लक्ष नाही, तिचं घर अस्थिर. सगळ्या फायली शेजारी शेजारी मांडल्या की मगच कळतं की कारणं वेगवेगळी असली तरी पत्ता एकच आहे. स्ट्रासबर्गमध्येही २००६ साली मुलं आधी हरली. मग मोठ्या खंडपीठाने १३ विरुद्ध ४ अशा मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. प्रत्येकाला ४,००० युरो भरपाई मिळाली. तोवर ती मुलं सोळा ते बावीस वर्षांची झाली होती. शाळेचं वय सरलं होतं.

आमचं घर त्सेइल रस्त्याच्या जवळ आहे. जुन्या, उंच छताच्या इमारती, भाडं आवाक्यातलं, शहराचा मध्य पायी जाण्याजोगा. घर बघितलं तेव्हा ही रोमांची वस्ती म्हणून ओळखली जाते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी इथेच घेतलं असतं. लेक तेव्हा बालवाडीच्या वयाची होती आणि तिला चेकचा एक शब्द येत नव्हता. मागच्या अंगणात घसरगुंडी आहे. तिथे शेजारच्या जिन्यातला एक रोमा मुलगा रोज यायचा, तिच्याच वयाचा. त्याने तिला चेक शिकवलं. शिकवलं म्हणजे खेळवलं: हो, नाही, माझी पाळी, थांब, पड, ऊठ, ते माझं आहे. मी बाकावर बसून ऐकायची. घसरगुंडीच्या शिडीवर तो दोन पायऱ्या वर चढून थांबायचा, हाताने पायरी दाखवून शब्द म्हणायचा, आणि तिने बरोबर म्हटल्याशिवाय पुढची पायरी चढू द्यायचा नाही. तिने चुकीचं म्हटलं तर चिडायचा नाही, पुन्हा म्हणायचा. शिक्षक होण्याचा गुण असतो तो हाच, असं मी मनात म्हणायची. माझे वडील जन्मभर शिक्षक होते, त्यामुळे तेवढं मला ओळखू येतं.

त्याचं चेक म्हणजे इथले रोमा बोलतात ते चेक. त्यात चेकचे दीर्घ स्वर आखूड होतात, काही वाक्यांची ठेवण वेगळी असते. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याची नोंद करून ठेवली आहे, कारण त्याला मोठा इतिहास आहे. साम्यवादी राजवटीत शिक्षक रोमा आई-वडिलांना बजावायचे, घरी मुलांशी तुमची भाषा बोलू नका, चेक बोला. त्यांनी ते ऐकलं. स्वतःला जेवढं येत होतं तेवढं चेक ते मुलांशी बोलले, मुलांनी तेच उचललं. शाळेचं ऐकून त्यांनी घरातली भाषा सोडली आणि मग शाळेनेच त्यांच्या मुलांना सांगितलं, तुमची भाषा कच्ची आहे.

माझ्या लेकीने त्याच्याकडून तेच आखूड स्वरांचं चेक उचललं. बालवाडीतल्या बाईंना त्याचं भारी कौतुक. “किती पटकन शिकतेय!” स्वर आखूड झाला की त्या हसून दुरुस्त करायच्या. परदेशी मूल आहे, येईल हळूहळू.

पहिलीच्या प्रवेशाला इथे ‘झापिस’ म्हणतात. आमच्या वेळी तो एप्रिलमध्ये होता. आई-बाप मुलाला घेऊन शाळेत जातात, कागद भरतात, आणि तेवढ्यात एक शिक्षिका मुलाशी गप्पा मारते. रंग ओळख, आकार दाखव, एवढ्या वस्तू मोज, एखादी कविता म्हण, माणसाचं चित्र काढ. राहत्या पत्त्यावरून प्रत्येक घराला एक शाळा ठरलेली असते, तिथे त्या मुलाला प्राधान्य. आई-बाप दुसरी शाळाही निवडू शकतात. तर त्या सुमारास ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने, अगदी मनापासून, मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या भागात आहात तर नीट बघ, अमुक शाळेत घालू नकोस, ती जिप्सींची शाळा आहे. माणूस वाईट नाही. आम्ही नवीन होतो तेव्हा घराचं फर्निचर त्याच्याच गाडीतून आलं होतं. पण इथल्या कुठल्याही चांगल्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल, आणि सगळे चांगले लोक हेच करतात म्हणून ती शाळा तशी होते. आधी वर्गात पाच रोमा मुलं येतात. दोन-तीन आई-बाप आपली मुलं काढून घेतात. पुढच्या वर्षी प्रमाण वाढलेलं दिसतं, आणखी चार जण काढतात. काही वर्षांत शाळेत रोमांशिवाय कुणी उरत नाही. एकाही माणसाने ‘यांना वेगळं ठेवा’ असं मोठ्याने न म्हणता मुलं वेगळी होतात. याला चाप लावायला कायदा अपुरा पडतो, कारण प्रत्येक घराने फक्त आपल्या मुलाचं भलं बघितलेलं असतं.

आम्ही आमच्या हद्दीतल्या शाळेत गेलो. दारातल्या बाईंनी मला आणि लेकीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम आवळला. रंगावरून त्यांनी काय ते ठरवलं असावं. हे मला नवीन नाही. दुकानात सुरक्षारक्षक माझ्या मागे मागे फिरतो आणि मी फोनवर इंग्रजीत बोलायला लागले की निघून जातो. मी भारतीय पासपोर्ट पुढे केला. चेहरा सैल झाला, खुर्ची पुढे आली. आत लेकीने सहापर्यंत चेकमध्ये मोजलं आणि पुढे ‘सात, आठ, नऊ’ करत मराठीत शिरली. शिक्षिका टाळ्या वाजवून हसल्या, म्हणाल्या, दोन भाषांत मोजते! कविता तिला चेकमध्ये येत नव्हती, तर म्हणाल्या, तुमच्या भाषेतली म्हण. तिने ‘ये रे ये रे पावसा’ म्हटलं. प्रवेश झाला, वर चेक शिकवण्यासाठी जादा तासांची सोय झाली. त्या बाई खरोखर चांगल्या आहेत. माझी त्यांच्याविषयी काही तक्रार नाही.

त्याच शाळेत, त्याच आठवड्यात, शेजारचा मुलगाही गेला होता. त्याचा पत्ता आणि आमचा पत्ता एकच. त्याने दहापर्यंत चेकमध्ये मोजलं. रंग सांगितले. कविता त्याला आली नाही. ‘घरी म्हणतोस ती म्हण’ असं त्याला कुणी सुचवलं नाही. त्याच्या आईला सांगण्यात आलं, की भाषा कच्ची आहे, समुपदेशन केंद्रात तपासून घ्या, कदाचित एक वर्ष थांबलेलं बरं. आणि जाता जाता, की पलीकडच्या शाळेत त्याची माणसं आहेत, तिथे त्याला जास्त आवडेल.

माझ्या मुलीला चेक ज्याने शिकवलं, त्या मुलाचं चेक कच्चं ठरलं.

त्याची आई मला हे सगळं फार नंतर सांगती झाली, अंगणातल्या त्याच बाकावर. वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून ती काम करते, रात्रपाळी असते. ती स्वतः विशेष शाळेत शिकलेली आहे, ओस्त्रावाच्या त्या अठरा मुलांच्याच पिढीतली. समुपदेशन केंद्र हा शब्द ऐकल्यावर तिच्या पोटात गोळा आला, कारण तिला लहानपणी जिथे नेलं होतं ते ठिकाण तेच. तिथे एक बाई ठोकळे मांडायची आणि घड्याळ लावायची, एवढं तिला आठवतं. आपण नापास होतोय हे तेव्हा कळलं नव्हतं, म्हणाली. तिला परिचारिका व्हायचं होतं. २००० सालापर्यंत विशेष शाळेतून बाहेर पडलेल्यांना नियमित माध्यमिक शिक्षणाचा अधिकारच नव्हता; नंतर कायद्याने दार उघडलं, पण पातळ अभ्यासक्रमावर नऊ वर्षं काढलेल्या मुलीने त्या दारातून आत जायचं कसं? आता ती म्हाताऱ्यांना भरवते, पुसते, कूस बदलून देते. इंजेक्शन द्यायचं असलं की दुसरी कुणीतरी येते. “बघून बघून मला सगळं येतं,” ती म्हणाली, “पण कागद नाही.”

तिने मुलाला तपासणीला नेलंच नाही. सरळ पलीकडच्या शाळेत नाव घातलं. तिथे कुणी काही विचारलं नाही.

आता यालाही संमतीच म्हणायचं. स्ट्रासबर्गच्या खटल्यात चेक सरकारचा सगळ्यात मोठा आधार हाच होता: पालकांनी सह्या केल्या, काहींनी तर स्वतःहून मागणी केली. विरोधात मत दिलेल्या न्यायाधीशांपैकी एकाला असंही वाटलं, की रोमा आई-वडिलांना निर्णय घेता येत नाही असं म्हणणं हाच त्यांचा अपमान आहे. हा मुद्दा मला वरवरचा वाटत नाही. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पण मग मी शेजारणीकडे बघते. तिच्यापुढे दोन दारं होती. एका दारात तिच्या मुलाकडे संशयाने बघितलं जाणार, त्याची परीक्षा होणार, तो एकटा पडणार, कुणी चिडवलं तर बाजू घ्यायला कुणी नसणार. दुसऱ्या दारात मावसभाऊ आहेत, हसणारी तोंडं आहेत, शिक्षण थोडं कमी आहे. कुठलीही आई दुसरं दार निवडेल. मीही निवडलं असतं. न्यायालयाने यावर जे म्हटलं ते मला पटतं: वंशावरून भेदभाव न होण्याचा हक्क हा सही करून सोडून देण्याचा हक्कच नाही. आई-वडिलांनी संमती दिली तरी तो मुलाकडेच राहतो.

ब्रनोत ब्रातिस्लावस्का रस्त्यावर रोमा संस्कृतीचं संग्रहालय आहे, १९९१ साली स्थापन झालेलं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. भारतातून निघालेल्या वाटेपासून ते सुरू होतं. तिथली माणसं भारतीय पाहुण्यांशी फार अगत्याने बोलतात, आणि ते अगत्य घेताना मला संकोच होतो, कारण आपण भारतीयांनी या हजार वर्षांपूर्वी दूर गेलेल्या नातलगांसाठी फारसं काही केलेलं नाही. तिथे मी पहिल्यांदा १९२७च्या चेकोस्लोव्हाक कायद्याविषयी वाचलं, ‘भटक्या जिप्सीं’विषयीचा कायदा. बोटांच्या ठशांसह वेगळं ओळखपत्र. मुक्कामाला परवानगी. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांपासून काढून घेण्याची तरतूद. त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, १९२६ साली, त्याच देशात उझहोरोदमध्ये रोमा मुलांसाठी पहिली शाळा निघाली होती. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे. एक हात शाळा काढत होता, दुसरा हात ठसे घेत होता.

पुढचं सांगायला मन धजत नाही, पण त्याशिवाय आजचं कळत नाही. १९४२ पासून लेटी आणि ब्रनोच्या उत्तरेला असलेल्या होदोनीन या दोन गावांत रोमांना डांबण्याच्या छावण्या होत्या. तिथून ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत. या भागातले सुमारे साडेसहा हजार रोमा होते, त्यांतले सहाशेही उरले नाहीत. लेटीच्या जागेवर पुढे डुकरं पाळण्याचा कारखाना उभा राहिला आणि तो दशकानुदशकं तिथेच होता. स्मारक २०२४ साली खुलं झालं. आज चेक भूमीवर राहणारे बहुतेक रोमा युद्धानंतर स्लोव्हाकियातून आलेल्यांचे वंशज आहेत. ओस्त्रावाच्या खाणींना आणि पोलादाच्या भट्ट्यांना हात हवे होते. १९५८च्या कायद्याने जे अजून फिरस्ते होते त्यांच्या गाड्यांची चाकं काढली गेली. शेजारणीचे आजोबा असेच कामासाठी पूर्व स्लोव्हाकियातून आले. या घराने तीन पिढ्या या देशाचा कोळसा काढला, विटा रचल्या, म्हातारे सांभाळले. आणि तरी परकी कोण, तर ती. मी पाहुणी.

सोलापूरला बाबांना फोनवर मी १९२७चा कायदा वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, हे तर आपल्याकडचं आहे.” १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, रोजची हजेरी, सोलापुरातलं सेटलमेंट, ३१ ऑगस्ट १९५२ला झालेली सुटका, आमच्या शहरात हे पुस्तकात वाचावं लागत नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना पटनोंदणीला पारधी वस्तीवर जायचे. जन्माचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, म्हणून नाव घालायला टाळाटाळ व्हायची. नाव घातलं तर दुसऱ्या दिवशी एखादा पालक दारात उभा, की आमच्या पोराच्या शेजारी बसवू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्याअभावी प्रवेश नाकारायला बंदी केली, पण शेजारी कुणी बसायचं हे कायद्याने ठरत नाही, असं बाबा म्हणतात. मग त्यांनी मला विचारलं, “तिथे शाळा फुकट, इमारत चांगली, मास्तरला पगार चांगला. मग अडतं कुठे?” मी त्यांना झापिसची हकिगत सांगितली. त्यांनी विचारलं, “आणि त्या पोराला कुणी ‘घरची कविता म्हण’ असं म्हटलंच नाही?” एवढंच विचारलं. पण त्यांचा आवाज बदलला होता.

चेक सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. विशेष शाळा २००५ पासून कायद्याने बंद झाल्या. मात्र त्याच इमारती, तेच शिक्षक आणि बव्हंशी तीच मुलं ‘व्यावहारिक शाळा’ या नावाखाली पुढे चालू राहिली. सप्टेंबर २०१४मध्ये युरोपीय आयोगाने याच मुद्द्यावर चेक प्रजासत्ताकाविरुद्ध कारवाई सुरू केली, मग स्लोव्हाकियाविरुद्ध, मग हंगेरीविरुद्ध. २०१६च्या सुधारणेने मात्र खरा फरक पडला: नेहमीच्या वर्गात सहायक शिक्षक आले, मुलाला बाहेर काढण्याऐवजी वर्गातच मदत देण्याची पद्धत सुरू झाली. २०१७ पासून शाळेआधीचं एक वर्ष बालवाडी सक्तीची झाली. क्रनोव नावाच्या छोट्या शहराने तर जवळजवळ सगळी रोमा मुलं असलेली शाळा बंद करून ती मुलं गावातल्या बाकीच्या शाळांत विभागली. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

बाकी युरोपात काय चाललंय ते बघितलं की मात्र निराशा येते. हंगेरीतल्या ग्योंग्योशपाटा गावच्या शाळेत रोमा मुलं तळमजल्यावर आणि बाकीची वरच्या मजल्यावर, अशी वर्षानुवर्षं वाटणी होती. जिना एकच, पण तो कुणी चढायचा हे ठरलेलं. पोहण्याचे तास वरच्यांना. सुमारे ६० मुलांना मिळून जवळजवळ १० कोटी फोरिंटची भरपाई द्या, असा निकाल लागला, तेव्हा पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी उघडपणे नाराजी बोलून दाखवली: काम न करता एका गटाला एवढा पैसा मिळणं न्यायाला धरून नाही, या अर्थाची. तळमजल्यावर जी वर्षं गेली ती कुणी मोजली नाहीत. मे २०२०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई रोखच द्यायला लावली हे त्यातल्या त्यात समाधान. ग्रीसमध्ये, अथेन्सजवळच्या आस्प्रोपिर्गोसमध्ये, २००५ साली पालकांनी शाळेच्या फाटकासमोर ठिय्या देऊन रोमा मुलांना अडवलं. पोलिसांच्या पहाऱ्यात मुलं आत गेली आणि मग त्यांची वेगळ्या इमारतीत रवानगी झाली. २००८ साली ग्रीस स्ट्रासबर्गला हरला, २०१२ साली त्याच गावाच्या बाबतीत पुन्हा हरला. क्रोएशियातल्या रोमा-वर्गांच्या खटल्यात, २०१० साली, मुलं ९ विरुद्ध ८ मतांनी जिंकली. तिथेही सरकारचं म्हणणं तेच होतं: भाषा कच्ची आहे म्हणून वेगळं बसवलं.

२०२१ साली युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने केलेल्या पाहणीत, सहा ते पंधरा वयाच्या रोमा मुलांपैकी ५२ टक्के मुलं अशा शाळांत होती जिथे सगळे किंवा बहुतेक सोबती रोमाच आहेत. २०१६ साली हेच प्रमाण ४४ होतं. एवढे खटले जिंकून झाल्यावर आकडा वर गेला आहे. कारण उघड आहे. कागदावरचा शिक्का न्यायालय पुसू शकतं. माझ्या सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन दिलेला प्रेमळ सल्ला ते पुसू शकत नाही.

शेजारचा मुलगा आता तिसरीत आहे. अंगणात अजून येतो. लेकीचं चेक आता त्याच्याहून सफाईदार झालंय, स्वर जिथल्या तिथे. तिच्या वर्गात गुणाकार सुरू आहे, त्याच्या वर्गात अजून बेरजेची उजळणी. परवा दोघं खडूने फरशीवर गणितं मांडत बसली होती. तिने त्याला सहा चोक किती ते विचारलं. त्याला पाढा येत नव्हता. त्याने चार-चारचे सहा ढीग खडूच्या ठिपक्यांनी मांडले, मोजले आणि उत्तर दिलं. मी बाबांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाढा पाठ असलेल्याला हे सुचत नाही.

त्याच्या धाकट्या बहिणीचा झापिस आता जवळ आला आहे. आठवड्यापूर्वी शेजारीण वर आली, पहिल्यांदाच. चहा घेतला. मग तिने पिशवीतून कागद काढले: मुलीचा जन्मदाखला, स्वतःचं ओळखपत्र, घरमालकाशी केलेला करार. सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट लावलेलं. आमच्या शाळेत घालायचं म्हणते. मी बरोबर येईन का, असं तिने विचारलं. चेक माझ्यापेक्षा तिला कितीतरी चांगलं येतं, कायदाही तिला माझ्याइतकाच ठाऊक आहे. तिला माझी गरज फक्त एवढ्यासाठी आहे, की मी शेजारी बसलेली असताना तिच्याशी वेगळं बोलणं लोकांना जड जाईल.

मी रजा टाकली आहे. महापालिकेच्या संकेतस्थळावरून शाळांच्या हद्दींची यादी छापून आणली आणि आमच्या रस्त्याखाली, आमच्या इमारतीच्या क्रमांकाखाली रेघ मारली. हद्दीतल्या मुलाला पहिलं प्राधान्य, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. समुपदेशन केंद्राचा विषय निघालाच तर जायचं, पण लेखी कारण मागून घ्यायचं आणि सही त्याच दिवशी करायची नाही, कागद घरी आणायचा, तारीख बघायची, असं आमचं दोघींचं ठरलं आहे. मुलगी कविता पाठ करतेय. एक चेक आणि एक रोमानी, दोन्ही.